एम-टूच्या पेपरचे कमाल-किमान

कलनशास्त्र ही सतत बदलणाऱ्या राशींचा विचार करणारी गणिताची शाखा असून तिचे अवकलन, म्हणजे एखादी राशी क्षणाक्षणाला किती वेगाने बदलते ते काढणे, आणि समाकलन, म्हणजे अतिसूक्ष्म तुकड्यांची बेरीज करून पूर्ण राशी मिळवणे, असे दोन विभाग ग्रंथकार सांगतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मात्र ‘एम-टू’ या नावाने प्रथम वर्षाच्या माथी येणाऱ्या या विषयाचे ‘येणारे’ आणि ‘ऑप्शनला टाकलेले’ असे दोनच विभाग मानले जातात. ऑप्शनला टाकणे म्हणजे प्रश्नपत्रिकेत ‘किंवा’ छापलेले असणारच या भरवशावर एखादा घटक न वाचण्याचा विचारपूर्वक निर्णय घेणे होय.

हा निर्णय पीएलमध्ये, म्हणजे तासिका संपल्यावर परीक्षेपूर्वी अभ्यासासाठी मिळणाऱ्या सुटीत, होतो. तिचे आरंभीचे दिवस रंगीत वेळापत्रक आखण्यात आणि नंतरचे ते वेळापत्रक पुढे ढकलण्यात गेल्यावर विद्यार्थी जुन्या प्रश्नपत्रिका पसरून बसतो आणि उत्तीर्ण होण्यास शंभरांत चाळीस गुण पुरत असल्याने, अंतर्गत परीक्षेचे गुण वजा जाता, कमीत कमी किती घटक वाचले म्हणजे भागेल याचे गणित मांडतो. अवकलज, म्हणजे बदलाचा वेग, शून्य कुठे होतो ते पाहून राशीचे कमाल वा किमान मूल्य काढण्याची जी रीत त्याला वहीत साधलेली नसते, ती वहीबाहेर इतकी बिनचूक साधते, की त्या उत्तराला वेगळे गुण देण्याची सोय विद्यापीठाने करायला हवी होती.

वाचायला घेतलेल्या घटकांत वक्ररेखनाला मोठी लोकप्रियता आहे. समीकरणावरून वक्राचा आकार ओळखून तो काढणे, हे त्याचे स्वरूप. आणि कार्डिऑइड हा हृदयासारखा वक्र तर अभ्यासाशी वैर असणाऱ्यांनाही आवडतो. नेहमीच्या उदाहरणात त्याची एकूण लांबी ‘८ए’ येते (‘ए’ हा समीकरणातला स्थिरांक), हे उत्तर सर्वांना पाठ असते, त्यामुळे मधल्या पायऱ्यांत चिन्ह चुकले, दोनाने भागायचे राहिले, तरी शेवटच्या ओळीत ‘८ए’ येतेच. परीक्षकही एके काळी विद्यार्थीच होते, ही यातली अडचण.

आदल्या रात्री नोट्सना महत्त्व येते, आणि त्यांची परंपरा जुनी आहे. अवकलनाचे पहिले छापील पाठ्यपुस्तक १६९६ मध्ये पॅरिसला निघाले; ते फ्रेंच उमराव मार्की द लोपिताल यांचे, पण त्यातील बराच मजकूर गणिती योहान बर्नुली यांचा होता, कारण वर्षाला ३०० लिव्र, म्हणजे त्या काळचे फ्रेंच चलन, घेऊन आपले शोध लोपिताल यांनाच कळवायचे व इतरांना द्यायचे नाहीत, असा दोघांत करार होता. शून्य भागिले शून्य अशा अडलेल्या रूपाची सीमा काढणारा, लोपिताल यांच्या नावाचा ‘एल हॉस्पिटल’चा नियमही बर्नुलींचाच, आणि त्यांनी त्यावर उघड हक्क सांगितला तो १७०४ मध्ये, लोपिताल वारल्यावर. ‘कुणाला देऊ नकोस’ या अटीवर मिळालेल्या क्लासच्या नोट्स मात्र मध्यरात्रीपर्यंत अख्ख्या वसतिगृहात पोहोचतात, यावरून करारपालनात बर्नुलीच सरस ठरतात.

ज्या वाचकांचा पेपर उद्या आहे त्यांनी हे वाचन इथेच थांबवावे आणि निदान अवकल समीकरणाच्या उत्तरात ‘अधिक सी’ लिहायला विसरू नये. अवकलन करताना स्थिरांक नाहीसा होतो, म्हणून समाकलन करताना तो परत मांडावा लागतो, आणि न मांडल्यास गुण जातो.