मुलींना पत्रकारितेत प्रोत्साहन : प्रचलित पद्धती

पत्रकारितेत येणाऱ्या मुलींना प्रोत्साहन देण्याची मान्यताप्राप्त पद्धत म्हणजे ८ मार्च. त्या दिवशी गुलाब, सत्कार आणि विशेष पान. ९ मार्चपासून हळदीकुंकू, पाककृती आणि दहावीच्या निकालात उड्या मारणाऱ्या मुली. छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरला स्वतःचे पोलीस ठाणे आहे, म्हणजे गुन्हेवार्ता अगदी दाराशी. तरी तिथल्या मुलीने क्राइम बीट मागितले की 'रात्रीचं कसं जाणार?' हा प्रश्न वडिलांच्या आधी वृत्तसंपादकालाच पडतो. तिथल्याच मुलाची रात्र मात्र कुणाला दिसत नाही.

उत्तर कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात पत्रकारितेचे काम स्पष्टपणे येते. रात्री साडेनऊनंतर स्वेच्छेने काम करणाऱ्या स्त्रीला घरापर्यंत वाहन देणे मालकाचे कर्तव्य आहे. वाहनापेक्षा काळजी स्वस्त पडते.

तानूबाई बिर्जे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच पतीमागे 'दीनबंधू' या वृत्तपत्राचे संपादन सांभाळले. त्यांची सोय एवढीच, की वर परवानगी देणारा वृत्तसंपादक नव्हता.

वरील कायदा २०१७ च्या मूळ रूपात १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होता. मानधनावरची मुलगी कामगार की 'आपल्या घरातलीच', हे पगाराच्या तारखेला ठरते.