आंदण दिलेला गुलबर्गा

लेकीला आंदण म्हणून कुणी म्हैस देतं, कुणी भांडीकुंडी. काँग्रेसने 1980 साली अख्खा गुलबर्गा लोकसभा मतदारसंघच देऊन टाकला. जावईबापू केरळचे, सी. एम. स्टीफन. नवी दिल्लीत वाजपेयींकडून पाचेक हजार मतांनी पडून आलेले. पण मंत्री करायचं तर खासदारकी हवी, आणि खासदारकीला हमखास जागा. मग जेवर्गीचे धरमसिंह, जे इथून नुकतेच निवडून आले होते, त्यांनी मुकाट राजीनामा लिहिला. कर्नाटकाला हे नवं नव्हतं म्हणा. दोनच वर्षांपूर्वी चिकमगळूरने इंदिराबाईंची अशीच सोय केली होती.

इथे कन्नड, दखनी, आळंदच्या कडेला मराठी. पाहुण्यांची मल्याळम. अडलं कुठे? बोलायचं कशाला? हाताचं चित्र बघायचं, शिक्का मारायचा, घडी घालून पेटीत टाकायची. पोटनिवडणूक कसली, सह्या झालेल्या खरेदीखताची नोंदणीच ती!

स्टीफनसाहेब दळणवळणमंत्री झाले. फोन बंद पडतात अशी ओरड झाली तेव्हा त्यांनी सुनावलं, की टेलिफोन ही चैन आहे, हक्क नव्हे; नको असेल त्याने परत करावा, मागे रांग मोठी आहे. खरं होतं. गुलबर्ग्याच्या मतदाराला खासदाराशी बोलायचं असेल, तर तोही त्याच रांगेत.

जागा मात्र काँग्रेससाठी सुरक्षितच, असा समज होता. 2019 साली तिथेच काँग्रेसचे मल्लिकार्जुन खर्गे पंचाण्णव हजारांवर मतांनी पडले.