जमीन नसलेल्याची जमाबंदी

शेती करण्यापेक्षा शेती करविणे अधिक सुखाचे असते, हे तत्त्व जगातील सर्व राज्यकर्त्यांना फार प्राचीन काळीच उमगलेले दिसते; आणि ज्याच्या परसातील कढीलिंबानेदेखील, पाणी वेळेवर मिळत असता, केवळ मालकाचा स्वभाव पाहून प्राण सोडावा, अशा माझ्यासारख्या मनुष्याला तर ते उमगण्यासाठी एकाही ग्रंथाचे अध्ययन करावे लागत नाही. सरकारी कचेरीत इतरांच्या जमिनीचे खसरे उतरवून घेण्यात, हद्दीच्या तंट्यांच्या मिसली बांधण्यात आणि नकलांवर शिक्के उठविण्यात उमेदीचा काळ वेचल्यानंतर, जमिनीविषयीचे ज्ञान अपार आणि जमीन मात्र बिघाभरही नाही, अशी जी विलक्षण अवस्था मला प्राप्त झाली होती, तिचे निवारण माझ्या भाच्याने केले. हा भाचा म्हणजे शाहपुराकडील एका केळीवाल्या घराण्याचा एकुलता वारस. पण वडिलोपार्जित बागेत पाऊल टाकताच त्याचे डोके दुखू लागते, म्हणून तो इंदूरला नोकरी करतो आणि तेथे रात्री जागून, संगणकाच्या पडद्यावर, सलगम पिकवितो. गेल्या दिवाळीत त्याने हाच उद्योग माझ्या संगणकावर चढवून दिला, आणि "मामा, तुम्हाला हे जमेल. यात अंगमेहनत नाही, नुसते हुकूम सोडायचे असतात," असे सांगून तो गाडीला निघून गेला. मनुष्याची पारख असावी तर अशी!

या खेळाचे नाव 'फार्देस्ट फ्रंटियर'. अमेरिकेतील क्रेट एंटरटेनमेंट या कंपनीने तो २०२२ साली, पुरता तयार होण्यापूर्वीच, लोकांच्या हाती दिला व पुढे खेळणाऱ्यांच्या कैफियती ऐकत ऐकत त्याची बांधणी चालू ठेविली. आपल्याकडे पूल आणि रस्ते ज्या रीतीने वापरात येतात, त्याच रीतीने. निबिड अरण्यात मूठभर स्त्रीपुरुष सामानसुमानासह येऊन उभे राहतात. त्यांच्याकडून झाडे तोडवावीत, घरे बांधवावीत, विहीर खणवावी, रानफळे वेचवावीत, आणि माणसे वाढून अरण्याचे देणे अपुरे पडू लागले म्हणजे शेती करवावी, असा त्याचा क्रम आहे. परचक्र, साथीचे रोग, अस्वले आणि उंदीर हेही यथाकाल येतात. परंतु त्यांचा बंदोबस्त कोणीही शिपाईगडी करू शकेल. कारभाऱ्याची खरी परीक्षा शेतात होते.

कारण या खेळातील शेत म्हणजे नुसता हिरवा चौकोन नव्हे. त्यावर टिचकी मारली की एक तक्ता उघडतो, आणि तो प्रथम पाहिला तेव्हा, खोटे कशाला सांगू, माझ्यातील जुना कारकून गहिवरला. जमिनीचा कस किती, तण किती, खडे किती, चिकणमाती व वाळू यांचे प्रमाण कोणत्या बाजूला झुकलेले, हे सारे स्वतंत्र रकान्यांत मांडलेले. आणि त्याखाली तीन सालांच्या तीन ओळी, ज्यांत पिकांच्या पट्ट्या एकापुढे एक ओढून बसवावयाच्या. सलगमाला हिमाचे भय नाही, घेवड्याला ते फार. गहू आणि जवस ही पिके जमीन पिळून घेतात, वाटाणा-घेवडा तिला काही परत देतात. एकाच कुळातील पीक फिरून फिरून लावले तर त्याचा रोग त्या शेतात कायमचा वतनदार होऊन बसतो. आणि एखाद्या सालात काही काळ पीक न घेता नुसती मशागत लावली, तर तण व खडे हटतात. वसाहतीतील केरकचरा कुजवून केलेले खत घालावे, माती फार चिकण असेल तर वाळूच्या खेपा ओताव्यात, आणि सर्वांत पुण्यकारक म्हणजे, बरसीमच्याच कुळातील, क्लोव्हर नावाचे गवत पेरावे, की जमिनीचा कस चढलाच म्हणून समजा.

हे वाचून माझ्यासारखा सुधारणावादी कारभारी स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. मी तत्काळ सर्व शेतांत, सर्व हंगामांत, क्लोव्हर पेरण्याचा हुकूम सोडला. कसाचा आकडा असा काही चढू लागला की, माझ्या सेवाकाळातील एकाही साहेबाने एकाही वार्षिक अहवालात तसा चढता आकडा पाहिला नसेल. रयतेचा आक्षेप एवढाच होता की क्लोव्हर खाता येत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात अन्नटंचाईची तांबडी सूचना लुकलुकू लागली. पण ज्याला वर्तमानकाळात उपासमार म्हणतात त्यालाच इतिहासात दूरदृष्टी म्हणतात, हे जाणून मी तिची केवळ नोंद घेतली. दुसऱ्या सालापासून मात्र रयतेच्या भावनांचा मान राखून सलगम व गाजर मंजूर केले, आणि पीक हातातोंडाशी येते न येते तोच हरणांचा एक कळप संथपणे येऊन ते चरू लागला. कुंपणाचा हुकूम निघाला. कुंपणासाठी लाकूड लागते म्हणून लाकूडतोडे तैनात झाले. लाकूडतोडे कमी पडले म्हणून शेतकरीच रानात गेले. आणि शेतकरी रानात गेल्यामुळे, ज्या पिकासाठी कुंपण उभे राहावयाचे ते उभ्या उभ्या गारठून गेले. तथापि कुंपण उत्कृष्ट झाले, आणि हरणेही, आत काही उरले नसल्यामुळे, पुन्हा फिरकली नाहीत. हुकमाची अंमलबजावणी पूर्णांशाने झाली, असाच शेरा अशा प्रकरणावर मारावयाचा असतो.

बऱ्हाणपुरात बसून दूरच्या रयतेची शेती करविण्यात, खरे पाहता, नवीन असे काही नाही. या गावाचा तो जुना धंदाच आहे. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि तेव्हापासून बऱ्हाणपूर हे खानदेश सुभ्याचे ठाणे दख्खनच्या कारभाराचे मोठे केंद्र बनले. आज येथे येणारा प्रवासी मुमताज महल कोठे निवर्तली याची चौकशी करतो. पण ती ज्या साली, १६३१ च्या जूनमध्ये, या शहरात निवर्तली, तेव्हा दख्खन आणि गुजराथ एका भीषण दुष्काळात होरपळत होती, याची चौकशी कोणी करीत नाही. शाहजहानच्या दरबारी इतिहासात नोंद आहे ती अशी, की बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगर उघडले गेले, आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये याप्रमाणे वीस सोमवारांत एक लाख रुपये गोरगरिबांस वाटले. आमच्या खेळातील तांबड्या सूचनेवर मी जी शांतपणे नजर टाकतो, तिची कुळकथा अशी थोर आणि तितकीच भयंकर आहे.

परंतु दुरून शेती करविणाऱ्यांच्या या घराण्यातील माझा खरा आदर्श म्हणजे मुर्शिद कुली खान. खुरासानचा हा मनुष्य औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारीत, म्हणजे १६५२ ते १६५८ या काळात, दख्खनचा दिवाण झाला. सततच्या लढायांनी व दुष्काळाने गावे ओस पडली होती आणि वसुलाचा आकडा कागदावर एक व खजिन्यात भलताच, अशी अवस्था होती. त्याने तोडरमलाचा दस्तूर दक्षिणेत आणून जमिनींची पैमाईश करविली. उजाड गावांत मुकादम नेमले. बैल व बियाणे यांसाठी तकावी दिली. आणि जेथे बटाई ठेविली तेथे पावसाच्या पिकाचा निम्मा, तर विहिरीवरच्या धान्याचा तिसरा हिस्सा सरकारचा, असा भेद केला. कारण विहिरीवर ज्याचा घाम अधिक पडतो त्याच्याकडे अधिक राहावे, हे त्याला कळत होते. लोक असेही सांगतात की पैमाईशीची दोरी कित्येकदा तो स्वतःच धरी. मी ज्या साधनाने शेताच्या चतुःसीमा आखतो, त्या मूषकाला तर हल्ली शेपटीएवढीही दोरी नसते. परंतु बाकी सर्व बाबतींत त्याच्या व माझ्या पदात मला फारसे अंतर दिसेना.

हे अंतर दाजींना दिसले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, उपर्युक्त भाच्याचे तीर्थरूप. मंडीत केळीच्या लिलावाला आले की ते शनवाऱ्यातील आमच्या घरी चहाला डोकावतात. त्यांच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग असतात, जे कोणत्याही साबणाने जात नाहीत व ज्यांच्याबद्दल ते आता माझ्या बहिणीचेही ऐकून घेत नाहीत. त्या दिवशी ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, चष्मा कपाळावरून नाकावर उतरविला आणि पडद्यावरील शेताकडे, परक्याचे शेत बांधावरून न्याहाळावे तसे, बराच वेळ पाहत राहिले.

"हे काय लावलंय?"

"सलगम."

"भाव काय निघाला?"

मी खुलासा केला की भावाचा येथे तितकासा संबंध नाही. पिकते ते कोठारात जाते आणि लोक ते खातात. पोट भरून उरले तर फिरता व्यापारी येतो, त्याच्याशी देवघेव करावी, न करावी.

"म्हणजे पिकवायचं अन् खाऊन टाकायचं?" दाजी म्हणाले. "मग मेव्हणे, तुमची ही माणसं रडतात तरी कशापायी?"

यानंतर त्यांनी तिन्ही सालांचा तक्ता बोट लावून वाचला, आणि तो मात्र त्यांना मान्य झाला. कापूस, मग ज्वारी, ज्वारीत तुरीच्या ओळी, हा तक्ता आमच्या बाच्या डोक्यातच होता, असे ते म्हणाले, आणि त्याला तीन ओळी पुरल्या नसत्या. हरणे पाहून ते हसले. त्यांच्याकडे रोही आणि रानडुकरे येतात व ती कुंपण कधी पुरे होईल याची वाट पाहत नाहीत. मग बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या बागेचा जो आढावा दिला, तो ऐकून या खेळाच्या कर्त्यांनी अवघडपणाच्या बाबतीत किती संकोच केला आहे हे माझ्या ध्यानात आले. मृगबाग जून-जुलैत लावावी की कांदेबाग ऑक्टोबर-नोव्हेंबरात, येथूनच जुगाराला आरंभ. ऊतिसंवर्धित रोप विकत आणावे, ठिबक पसरावी, खताचे हप्ते पाजावेत. कोवळेपणी मावा किडीने सीएमव्ही हा विषाणूरोग आणला तर पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेले रोप स्वतःच्या हाताने उपटून दूर नेऊन नष्ट करावे. हिवाळ्यात थंडीचा चरका बसला की वाढ अडते व घड लांबणीवर पडतो. उन्हाळ्यात लू पाने फाडते. आणि ऐन मे महिन्यात, घड भरून खोड वाकलेले असताना, वळिवाचे एक वादळ अर्ध्या घटकेत सारी बाग निजवून जाते. या सर्वांतून जे वाचेल ते ज्या दिवशी कापावयाचे, त्या दिवशीचा भाव सकाळी कळतो. आणि पिकलेल्या केळीला उद्याची वाट पाहता येत नाही, हे शेतकऱ्याइतकेच व्यापाऱ्यालाही ठाऊक असते.

"तुमच्या खेळात हे वादळ, रोगराई चालू असताना तुम्ही काय करता?" त्यांनी विचारले.

"विराम देतो," मी म्हणालो, आणि कळ दाबून दाखविली. हरणाचा पाय हवेत थबकला, धुराची वळकटी धुराड्यावर अडकून राहिली, आणि मी, दिवाणाला शोभेल अशा सावकाशीने, तण कोठे वाढले, माणसे कोठून हलवावीत, कोणत्या शेताला खत द्यावे, हे कागदावर टिपून दाखविले. येथे दाजींच्या मुद्रेवर प्रथमच मत्सराची छटा उमटली. दख्खनच्या दिवाणालाही जी सवलत नव्हती, जी त्यांच्या बाच्या कोणत्याही देवाने कोणत्याही नवसाला दिली नव्हती, ती एका कळीत साठविलेली त्यांनी पाहिली; आणि रयत व कारभारी यांच्यात खरा भेद असतो तो ज्ञानाचा नव्हे, मेहनतीचाही नव्हे, तर संकट आले असता थांबून विचार करण्याची मुभा कोणाला असते याचाच, हे माझ्याइतकेच त्यांनाही त्या क्षणी उमगले असावे. "सरका," ते म्हणाले.

मी सरकलो. दाजींनी कारभार हाती घेतला तो बोलून नव्हे, करून. क्लोव्हर एका तुकड्यापुरते ठेविले, घेवडा हिमाच्या आधी निघेल असा मागे सरकविला, दोन लाकूडतोडे परत शेतात आणिले, आणि काळाला सोडून दिले. माझ्या अमदानीत कधी न दिसलेले दृश्य दिसू लागले: प्रत्येक शेत बांधापासून बांधापर्यंत भरले, तण नाही, रोग नाही, हरीण नाही, आणि विळे घेऊन माणसे कापणीला निघाली. दाजींनी कळ दाबली. सर्व जागच्या जागी उभे.

बराच वेळ झाला तरी ते कळ सोडीनात, तेव्हा मी सुचविले की आता कापणी होऊ द्यावी. माणसे उपाशी आहेत.

"कशाला?" दाजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "पीक उभं आहे. वादळ आलेलं नाही. भाव पडलेला नाही. आता जे काय व्हायचं ते वाईटच होईल. असू द्या असंच. तुम्ही चहाचं बघा."

वसाहतीचे कामकाज अशा रीतीने बेमुदत तहकूब झाले, आणि दिवाणसाहेब आधण ठेवण्यासाठी उठले.