बंदुकीचे मास्तर

टेक्सासातल्या कुठल्याही मध्यम गावाबाहेर, टायरचं दुकान आणि कुत्र्यांचा दवाखाना यांच्या अधेमधे एक शूटिंग रेंज असते. तिच्या मागच्या खोलीत शनिवारी सकाळी एक मास्तर उभे असतात. वय साठीच्या पुढे, मिशी पांढरी, पोट सुखवस्तू. हातातल्या कॉफीच्या मगात चौघांचं वरण मावेल. पूर्वी पोलिसात होते. तिथे काय केलं असं विचारलं, तर "बहुतेक फॉर्म भरले" एवढंच सांगतात. हे सरकारमान्य प्रशिक्षक. अंगावर पिस्तूल बाळगून हिंडायचा परवाना हवा असला, की मुक्काम यांच्या वर्गात.

वर्ग सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं शिकवण्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. सगळे मास्तरांचं पिस्तूल शोधत असतात. कमरेला? काखेत? घोट्यापाशी? मास्तर फळ्याकडे वळले, की सगळ्या वर्गाची नजर त्यांच्या शर्टावरून फिरते. मास्तर न वळताच म्हणतात, "लपवलेलं म्हणजे लपवलेलं." खरं तर २०१६ पासून परवानाधारकाला ते उघड कमरेला लावायची मुभा आहे. पण मास्तरांच्या लेखी तो शुद्ध आचरटपणा. तसं मिरवणाऱ्यांना ते 'मोर' म्हणतात.

विद्यार्थी नाना तऱ्हांचे. रिकामी घरं दाखवत एकटी हिंडणारी इस्टेट एजंट, रात्रपाळीचा ट्रकवाला, नातवानं बळेच आणलेली आजी, आणि डॅलसच्या आसपास असाल तर नुकतंच नागरिकत्व मिळालेलं एखादं मराठी जोडपं, वही-पेन घेऊन पहिल्या रांगेत. "सर, यातलं परीक्षेला काय येतं?" हा प्रश्न तिथूनच यायचा. मास्तर म्हणतात, "परीक्षेला सगळं येतं. आयुष्यात, देव करो आणि काहीही न येवो."

कायद्यानं अभ्यासक्रमात चार विषय घातलेत: बळाच्या वापराचे नियम, हिंसेविना भांडण मिटवणं, पिस्तूल सुरक्षितपणे हाताळणं आणि ते घरात मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवणं. मंडळी येतात तिसऱ्यासाठी. मास्तर रमतात दुसऱ्यात.

"कुणी तुझ्या आईवरून शिवी दिली. काय करशील?"

ट्रकवाला बाह्या सरसावतो.

"नापास. नुसतं तोंडानं डिवचलं म्हणून बळ वापरता येत नाही. टेक्सासच्या दंडसंहितेत लिहिलंय. दुसरा प्रश्न. एकानं तुला कट मारला आणि वर बोट दाखवलं."

"हॉर्न वाजवीन?"

"कशाला? त्याला आधी जाऊ दे. त्याला घाई आहे, तुला नाही."

असं तासभर चालतं. भर सकाळी, खोलीबाहेर गोळ्यांचा धडाका चालू असताना, आत एक सशस्त्र माणूस बारा जणांना माघार कशी घ्यावी हे शिकवत असतो. ज्याला पडतं घेता येत नाही त्यानं पिस्तूल बाळगू नये, हा त्यांचा पाया.

मग पाट्या. लाल अक्षरांत ५१ दिसलं, की तिथली ५१ टक्के किंवा जास्त कमाई जागेवर प्यायच्या दारूतून होते असं समजायचं आणि पिस्तुलासकट आत पाऊल टाकायचं नाही. कलम ३०.०६ ची पाटी म्हणजे मालकाला लपवलेलं पिस्तूल आवारात नको आहे. ती इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत हवी आणि अक्षरं किमान एक इंच उंच हवीत. यावर कायद्याचा किडा असलेला एकजण हात वर करतोच. "अक्षरं अर्धाच इंच असली तर आत जाता येईल?"

"मालकाला तू नको आहेस," मास्तर म्हणतात, "एवढं वाचायला अर्धा इंच पुरतो."

चौथ्या विषयाला ते आवाज उतरवतात. "घरात पिस्तूल कुठे ठेवाल?" कुणी म्हणतं कपाटाच्या वरच्या फळीवर, कुणी म्हणतं मोज्यांच्या खणात. "बरं. चॉकलेटं कुठे लपवता?" सगळे हसतात. "आणि पोरांना ती किती दिवसांत सापडतात?" हसू थांबतं. निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं पिस्तूल १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर टेक्सासात तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे. तिजोरीची किंमत मास्तर फळ्यावर स्वतः लिहितात आणि खाली दोन रेघा मारतात.

कॉफीच्या सुट्टीत मराठी गृहस्थ आपलं ज्ञान पाजळतात. कोकणात त्यांच्या काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. माकडं तिला जुमानत नसत. निवडणूक लागली की काकांना ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. मास्तरांचा डोनट तोंडाशीच थांबतो. "निवडणुकीआधी सरकार बंदुका काढून घेतं? आणि लोक देतात?" "पावती मिळते," गृहस्थ धीर देतात.

दुपारी प्रत्यक्ष नेमबाजी. गोळ्या ५०: ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २०, १५ यार्डांवरून १०. गुण २५०, पास व्हायला १७५. मास्तर सकाळपासून बजावत असतात की गळ्याशी सैल कपडे घालू नका. तरी उडालेलं गरम, रिकामं काडतूस एखाद्याच्या कॉलरमधून आत जातंच आणि तो भरलेल्या पिस्तुलासकट नाचू लागतो. अशा वेळी मास्तर दोनच शब्द उच्चारतात, "नळी समोर!" एवढ्या शांतपणे, की माणूस भाजतानाही आज्ञा पाळतो. आजीबाई एकही गोळी वाया घालवत नाहीत. ट्रकवाल्याच्या गोळ्या धक्क्याच्या धास्तीनं खाली-डावीकडे जातात. आपले गृहस्थ चाप ओढण्याआधी डोळे मिटतात. "डोळे मिटून पिस्तूल उडतं, हे तू सिद्ध केलंस," मास्तर त्यांच्या खांद्यावर हात ठेवतात. "आता उघडून बघू." गृहस्थांची बायको तोवर २३० वर असते आणि तिकडे बघायचं टाळत असते.

मास्तरांचं दुःख एकच, अभ्यासक्रम आटत चाललाय. १९९६ मध्ये परवाने सुरू झाले तेव्हा वर्ग १० ते १५ तासांचा होता. २०१३ मध्ये तो ४ ते ६ तासांवर आला. २०१८ पासून पुस्तकी भाग ऑनलाइन उरकता येतो. तसे उरकून नुसत्या नेमबाजीपुरते येणाऱ्यांना मास्तर 'पत्रानं पोहायला शिकलेले' म्हणतात. आणि १ सप्टेंबर २०२१ पासून तर २१ वर्षांवरच्या, कायद्यानं मनाई नसलेल्या माणसाला पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही. "याच राज्यात न्हावी व्हायला हजार तास शिकावं लागतं," मास्तर स्वतःच्या टकलावरून हात फिरवत म्हणतात. "माझ्यावर तर त्यातला एकही तास खर्च होत नाही."

तरीही वर्ग भरतो. कुणाला दुसऱ्या राज्यांत चालणारा परवाना हवा असतो. कुणाचा डोळा ऑस्टिनच्या विधानभवनावर असतो. तिथे धातुशोधक यंत्रांपुढे रांग लागते, पण पिस्तुलाचा परवाना दाखवला की वेगळ्या दारानं झटपट आत. लॉबीवाले आणि पत्रकार केवळ त्या सोयीसाठी परवाना काढतात, काहींकडे पिस्तूलही नसतं. मास्तरांना हे विद्यार्थी सर्वांत आवडतात. "यांच्याकडून अपघात व्हायचा संभवच नाही."

वर्ग सुटला की मास्तर आपल्या जुन्या पिकअपपाशी येतात. एकदा त्यांच्या मागेच कुणीतरी गाडी आडवी लावून ठेवली होती. तासाभरानं मालक उगवला आणि उलट त्यांच्यावरच चढला. सगळा वर्ग दारात उभा राहून बघत होता. मास्तरांनी टोपी काढली, "चूक माझीच, मी फार मागे लावली," म्हणाले आणि तो जाईपर्यंत हसतमुखानं उभे राहिले. ट्रकवाल्याला राहवेना. "मास्तर, अंगावर एवढं पिस्तूल असून तुम्ही ऐकून घेतलंत?"

"पिस्तूल होतं म्हणून ऐकून घेतलं," मास्तर गाडीत बसत म्हणाले. "नसतं, तर चांगल्या चार शिव्या हासडल्या असत्या."