गाडी खाली घेणारे

गाडी खाली घेतलेला गृहस्थ ओळखायचा तो सिग्नलला. लाल दिवा लागला की बाकीचे एक पाय टेकून खिशातला मोबाइल चाचपतात; हा दोन्ही तळवे टाचांसकट डांबरावर टेकवतो आणि सातबारा नावावर झाल्यासारखा आजूबाजूला बघतो. गाडी बहुधा सेकंडहँड हिमालयन ४११ असते. सीट ८०० मिलिमीटर उंच, पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा. कंपनीनं ही जागा दगडधोंड्यांसाठी ठेवलेली. आधी पैसे मोजून उंची विकत घ्यायची आणि मग गॅरेजवाल्याला पैसे देऊन ती काढून टाकायची, या व्यवहारात त्याला वावगं काही दिसत नाही. टाकीवरचा लडाखचा स्टिकर तेवढा जागच्या जागी असतो.

माझं म्हणणं एवढंच, की यानं गाडी थांबण्यासाठी सुधारली आहे, चालण्यासाठी नाही. ‘जराशी खाली घेतली’ म्हणजे फक्त उंची कमी झाली, असं तो धरून चालतो. बदलतो तो कोन. मागच्या शॉकअपची लिंक बदलून मागची बाजू २५ मिलिमीटर खाली आणली, की १४६५ मिलिमीटरच्या व्हीलबेसवर अख्खी गाडी जवळपास एक अंश मागे कलते. पुढचा फोर्क तेवढाच आडवा होतो, ट्रेल (हँडलचा अक्ष रस्त्याला छेदतो तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) वाढतो. ताम्हिणीच्या वळणांवर मग हँडल जड लागतं, गाडी आत वळायला कुरकुरते. फूटरेस्टही जमिनीजवळ आलेला, त्यामुळे गाडी जरा आडवी केली की खर्रर्र! हा आवाज आपल्या कौशल्याचा आहे, अशी त्याची समजूत. रात्री समोरून येणारा ट्रकवाला शिव्या घालतो तो वेगळ्या कारणासाठी : मागून बसलेल्या गाडीचा हेडलाइट रस्ता सोडून झाडांवरच्या घुबडांची चौकशी करत असतो. साइड स्टँडची लांबी मात्र तीच. गाडी त्यावर इतकी सरळ उभी राहते, की वाऱ्याची झुळूक आली तरी उजवीकडे कोसळायची. म्हणून पार्किंगमध्ये हा स्टँड टेकवायला खोलगट जागा हुडकतो. पुण्यात हौसेनं खड्डा शोधणारा असा दुचाकीस्वार दुसरा नसेल.

कुणी म्हणेल, मग बुटक्या माणसानं उंच गाडी चालवूच नये की काय? जरूर चालवावी. भीती खरी असते, आणि चढावर थांबताना पाय न पोचणं ही थट्टेची गोष्ट नव्हे. पण सीटचा फोम तासला, जाड तळाचे बूट घातले, थांबताना एका बाजूला सरकून एकच पाय टेकायची सवय केली, तर फोर्कच्या कोनाला धक्का न लागता बरंचसं भागतं. तेवढ्यानं नाहीच भागलं, तर मागची बाजू जेवढी खाली आणली तेवढीच पुढचीही आणावी आणि स्टँड कापून घ्यावा. नुसतं पुढून खाली घेतलं तर उलटा ताप : हँडल हलकं होतं आणि वेगात चुळबुळ करतं. दुसरा आक्षेप ॲव्हेंजरचा. तिची सीट ७३७ मिलिमीटरच, ती चालते ना? चालते, कारण तिची फ्रेम, फोर्कचा कोन आणि फूटरेस्टची जागा तेवढी उंची धरूनच ठरवली आहे. ड्रॅग रेसच्या गाड्याही खाली असतात, हा या गृहस्थाचा हुकमी एक्का. त्या गाड्यांना सरळ जायचं असतं. त्याला जायचं असतं आंबोलीला, तेही डबलसीट, आणि मागे माणूस बसलं की लिंक बदललेला शॉकअप पहिल्याच स्पीडब्रेकरला खाडकन तळाला आदळतो.

एवढं सगळं ऐकल्यावर तो सीट तासून घ्यायला आनंदानं कबूल होतो. गाडी आणखी दीड इंच खाली येईल, म्हणून.