साखरेची जमाबंदी

महसूल खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला एक खोड जडते, ती ही की, जी गोष्ट आकड्यांनी सिद्ध होत नाही तिच्यावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि जी आकड्यांनी सिद्ध होते ती कितीही अप्रिय असली तरी तिच्यापुढे तो मुकाट्याने मान तुकवतो. म्हणूनच निवृत्तीनंतर चिरंजीवांच्या हट्टाखातर करून घेतलेल्या रक्ततपासणीचा कागद जेव्हा हातात पडला आणि त्यावर उपाशीपोटीच्या साखरेपुढे १६८ व ‘एचबीए१सी’ नामक अपरिचित रकान्यापुढे ८.२ असे आकडे ठळक अक्षरांत छापलेले दिसले, तेव्हा सातारा शहरातील बहुतेक प्रतिष्ठित मधुमेही प्रथम करतात तसा प्रयोगशाळेच्या सचोटीविषयी संशय मी व्यक्त केला नाही. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, आणि दुसऱ्या रकान्यात ६.५ किंवा त्याहून अधिक, एवढे झाले की मनुष्य मधुमेही ठरतो. माझी दोन्ही खाती हद्दीच्या पुष्कळ पलीकडे गेली होती, आणि अतिक्रमण इतके उघड असले की मोजणी पुन्हा मागण्यात अर्थ नसतो, हे मी अनेक खातेदारांना स्वमुखाने सांगितलेले आहे.

या दोन रकान्यांपैकी दुसऱ्याविषयी मला अल्पावधीतच आदर वाटू लागला. जमाबंदीची तारीख जाहीर झाली की आठ दिवस आधी दप्तर झाडूनपुसून, फेरफारांच्या नोंदी रात्र जागवून पुऱ्या करून, साहेबांपुढे हसतमुखाने उभे राहणारे तलाठी मी थोडे का पाहिले आहेत? मधुमेह्यांतही हा वर्ग मोठा आहे. तपासणीच्या आदल्या दोन दिवशी दुधी भोपळ्याचे पाणी पिऊन राहणारे, उपाशीपोटीचा आकडा सभ्य आणणारे आणि प्रयोगशाळेतून परस्पर मिसळीच्या दुकानाकडे वळणारे गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. परंतु तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, आणि त्या अवधीत रक्तात जेवढी साखर फिरते तिच्या प्रमाणात ती पेशीतील हिमोग्लोबिनला चिकटत जाते. सबब हा एचबीए१सी मागल्या दोनतीन महिन्यांची रोजकीर्द निर्विकारपणे पुढे ठेवतो. दोन दिवसांच्या सदाचरणाने तो विरघळत नाही. असा एक कारकून आमच्या कचेरीत असता तर खात्याचा इतिहास निराळा झाला असता!

डॉक्टरांनी रोगाचे स्वरूप समजावून सांगितले ते मला तत्काळ समजले, कारण तो रोग मी पूर्वी शासनात पाहिलेला होता. स्वादुपिंड नावाचे वरिष्ठ कार्यालय इन्सुलिनचा हुकूम काढते. तो हुकूम पेशीच्या दारात पोहोचला की पेशीने दार उघडून ग्लुकोज आत घ्यावयाचे, असा दंडक आहे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात हुकूम सुटतो, आवक-जावक नोंदवहीत त्याची नोंदही होते, परंतु पेशी त्याची दखल घेत नाही. मग वरिष्ठ कार्यालय स्मरणपत्रे काढते, स्मरणपत्रांवर तातडीची स्मरणपत्रे काढते, आणि अशी काही वर्षे गेली की स्वतःच थकून बसते. ग्लुकोज बिचारे रक्ताच्या व्हरांड्यात, अर्ज हातात घेऊन, तिष्ठत राहते. याला उपाय म्हणून डॉक्टरांनी मेटफॉर्मिनची गोळी लिहून दिली, रोज चालण्यास सांगितले, आणि शेवटी चष्मा काढून, ज्या स्वरात निलंबनाची बातमी सांगतात त्या स्वरात म्हणाले, “आणि आता जेवणाकडे जरा बघा.”

जेवणाकडे बघण्याचे काम आमच्या सौभाग्यवतींनी त्याच संध्याकाळी हाती घेतले. साखरेचा डबा वरच्या फळीवर हद्दपार झाला. चहा बिनसाखरेचा झाला. मोती चौकातून अधूनमधून येणारे कंदी पेढे, जे साताऱ्याच्या माणसाला अन्नाच्या सदरात न धरता नागरिकत्वाच्या सदरात धरावे लागतात, ते बंद झाले. साखरेच्या जागी स्वयंपाकघरात कोल्हापुरी गूळ आला, कारण गूळ “नैसर्गिक” असतो असा आमच्या घराण्यात पूर्वापार समज आहे; वास्तविक गूळ म्हणजे अंगावरची मळी न धुतलेली साखरच, आणि रक्तात शिरल्यावर तिला कोणी तिचा रंग विचारीत नाही. एवढा बंदोबस्त झाल्यावर आता आकडा आपोआप खाली येणार याविषयी कुणालाच शंका उरली नाही. चिरंजीवांनी बोटाला टोचून साखर मोजण्याचे यंत्र आणून दिले होते. न्याहरीला बशीभर कांदेपोहे, वरून खोबरे-कोथिंबीर, आणि सोबत तो निर्दोष, निरुपद्रवी, बिनसाखरेचा चहा घेऊन मी दोन तासांनी मोजले, तर यंत्र म्हणाले २३४.

येथून पुढे माझ्यातला निवृत्त अधिकारी पुन्हा सेवेत रुजू झाला. मालमत्ता जप्त करावयास जावे तो ती आधीच मेहुण्याच्या, मेहुण्याच्या मुलाच्या किंवा घरगड्याच्या नावावर चढलेली असावी, हा प्रकार ज्याने पाहिला आहे त्याला आहारशास्त्राचा गाभा निराळा शिकवावा लागत नाही. साखर ही साखरेच्या नावाने फारशी नांदतच नाही. तिची खरी इस्टेट बेनामी आहे. पोह्यांतले, भातातले, पावातले, रव्यातले पिष्ट ही मूळची ग्लुकोजच्या कणांचीच साखळी, आणि ती साखळी आतड्यात तुटली की जे सुटते ते सगळेच ग्लुकोज. उलट जिला आपण गुन्हेगार म्हणून फळीवर टाकले त्या साखरेचा अर्धाच भाग ग्लुकोज, उरलेला अर्धा फ्रुक्टोज. म्हणजे मळकट कपड्यातला उनाड पोरगा पकडून आपण चावडीवर बसवून ठेवावा आणि खरा ऐवज पांढऱ्याशुभ्र धोतरातले सभ्य गृहस्थ राजरोस घेऊन जावेत! टोरांटो विद्यापीठातील डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली कोणता पदार्थ रक्तातील साखर किती वेगाने चढवतो याचा तक्ता प्रसिद्ध केला, तेव्हा पुष्कळ सभ्य पदार्थांची धोतरे त्यात सुटली. याच विद्यापीठात १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले होते. तेव्हा मधुमेह्यांनी काशी-रामेश्वराच्या जोडीला टोरांटोचे नाव घालण्यास हरकत नसावी.

यंत्र हाताशी होते आणि सवड अमर्याद होती; मी एकेका पदार्थाची चौकशी लावली. मारी बिस्किटे, जी आजारी माणसाला निःशंक मनाने देण्याची आपल्याकडे रूढी आहे, ती मैदा आणि साखर यांचे संगनमत निघाली. शहरात नव्याने मिळू लागलेल्या “शुगर-फ्री” पेढ्यात साखर नव्हती हे खरे, परंतु खवा होता, आणि दुग्धशर्करा व स्निग्धांश यांनी आपली मूळ जागा सोडलेली नव्हती. उलट, चौकशीच्या ओघात, केवळ न्यायदानाच्या दृष्टीने, भाकरी-उसळीच्या जेवणानंतर अर्धा कंदी पेढा खाऊन पाहिला असता आकडा पोह्यांच्या आकड्याच्या पुष्कळ खाली राहिला. हा निकाल मी सौभाग्यवतींपुढे लेखी ठेवला. त्यांनी तो वाचला, आणि पोहे बंद केले. पेढ्याच्या पुनःस्थापनेविषयी शेरा नव्हता.

पण चौकशीत सर्वांत मोठे प्रकरण निघाले ते एकादशीचे. उपवासाच्या दिवशी साखर उतरेल अशी आशा कुणीही बाळगावी, ती मीही बाळगली होती; आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याचा कीस व मधल्या वेळी उकडलेले रताळे एवढाच काय तो फराळ असतो. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातील जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नाहीत, तंतू नाहीत, पश्चात्तापही नाही. गंमत पाहा, कसावा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, बटाटा पेरूच्या डोंगरांतला, आणि खिचडीत पडणारी हिरवी मिरचीसुद्धा अमेरिकेतूनच पोर्तुगिजांच्या जहाजांबरोबर इकडे आलेली. म्हणजे ज्या फराळाने आपण विठ्ठलास प्रसन्न करू पाहतो तो बहुतांशी ज्ञानेश्वरांच्या काळी इकडे कुणी पाहिलेलाही नव्हता. ज्वारीची भाकरी, जी तेव्हाही होती, ती मात्र एकादशीला निषिद्ध! धर्मशास्त्राच्या वाटेला मी जात नाही. मी केवळ फेरफाराची नोंद केली.

आपले पूर्वज या बाबतीत अधिक करडे होते. चरकाने प्रमेहाची जी कारणे दिली आहेत त्यांत बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा उल्लेख आहे. म्हणजे निवृत्त सरकारी नोकराचे ते जवळपास अधिकृत वेळापत्रकच होय. सुश्रुताने तर उपायही सांगून ठेवला आहे: निर्धन रोग्याने पायात वहाणा न घालता, डोक्यावर छत्री न धरता, भिक्षेवर राहून, एका गावी एकच रात्र काढीत, शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालावे, धनिकाने सावा, नीवार यांसारखी कदन्ने आणि आवळा, कवठ अशी फळे खाऊन हरिणांच्या सहवासात राहावे, कुणी शेत नांगरावे, कुणी विहीर खणावी. आजच्या काळी हरिणांबरोबर राहावयाचे म्हटले तर वनखात्याची परवानगी लागेल आणि ती मिळेपर्यंत रोगी किंवा हरिण यांपैकी एक जण दिवंगत झालेला असेल. तेव्हा आम्ही निवृत्त मंडळी पहाटे अजिंक्यताऱ्याच्या गडावर चढतो. पूर्वी या चढणीवर बदल्या, बढत्या आणि पेन्शनीतील फरक यांची चर्चा चाले. हल्ली जो तो आपला एचबीए१सी सांगतो, आणि ज्याचा कमी त्याच्याकडे इतर जण एखाद्या बक्षीसपात्र चुलतभावाकडे पाहावे तसे पाहतात. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, विजयसाराच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी, यांपैकी कोणत्या ना कोणत्या औषधाची सनद प्रत्येकाकडे आहे. मी सर्वांचे आभार मानतो, गोळी वेळेवर घेतो, आणि कारले भाजी म्हणून खातो. कारण रस पिण्यासाठी लागणारे धैर्य माझ्या पिढीजात स्वभावात नाही.

आकडा खाली आणण्याची खरी युक्ती मला सापडली ती मात्र कोणत्याही औषधात नव्हे, पानाच्या डाव्या बाजूला. महाराष्ट्रीय पंगतीचे पान हे विचारपूर्वक आखलेले आहे: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, आमटी; मध्ये भाताची मूद. दोष पानाचा नाही, वसुलीच्या क्रमाचा आहे. पंगत बसते न बसते तो पहिला हल्ला होतो वरणभातावर, मग मसालेभात, आणि पोट “आता पुरे” असा अभिप्राय देऊन मोकळे झाल्यावर ताकभात. पांढऱ्या भाताचे आरंभी व अंती असे दोन हप्ते, मधला हप्ता रंगीत, आणि या तिहींच्या दरम्यान जिलेबी! डाव्या बाजूला कोशिंबीर चमचाभर पडलेली असते ती केवळ उपस्थितीपुरती. वस्तुतः आधी कोशिंबीर आणि भाजी, मग उसळ, आणि भात-पोळी शेवटी, असा क्रम उलटा फिरवला तर तेच पदार्थ खाऊनही साखर सावकाश चढते, हे आता डॉक्टरही सांगतात. भाजीतले तंतू आणि उसळीतली प्रथिने पुढे जाऊन नाक्यावर बसली की मागाहून येणाऱ्या पिष्टाला एकदम मुसंडी मारता येत नाही. मी घरी हा क्रम लागू केला. वाटीभर काकडीची किंवा मुळ्याची कोशिंबीर, मग मेथी अथवा शेपू, मग मटकी, नंतर एक भाकरी, आणि सर्वांत शेवटी भात, तोही मूद उलटी केली तर ओळखू येणार नाही इतका. गोळी, गड आणि हा क्रम या तिघांच्या संयुक्त प्रयत्नांनी माझा एचबीए१सी ६.९ वर आला, आणि डॉक्टरांनी पुन्हा चष्मा काढला, पण या वेळी तो पुसण्यासाठी.

घरच्या पानावर असा बंदोबस्त करता येतो. परगावच्या लग्नात येत नाही. तेथे मधुमेह्याची गाठ ग्लुकोजशी पडत नसून यजमानांच्या प्रेमाशी पडते, आणि या प्रेमाला ना तपासणीचा कागद वाचता येतो, ना उपाशीपोटीचा आकडा समजतो. “भाऊजी, एवढ्याने काय होतंय?” असे म्हणत वहिनी पानात जिलेबी टाकतात, “माझ्या नावाचा एक घास” म्हणून मामी श्रीखंडाची वाटी पुढे करतात, आणि आपल्याला साखर असल्याचे नम्रपणे सांगितले तर शेजारच्या पानावरचे काका गंभीरपणे म्हणतात, “मलाही आहे, पण मी मानत नाही.” ज्या प्रांतात प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे अर्धे राजकारण उसाच्या मळ्यांतून उगवले, तेथे साखर नाकारणे हा काहींना द्रोह वाटला तर नवल नाही. तरीही यजमान मंडळींच्या सेवेशी माझा एक अर्ज आहे. आग्रह बंद करावा असे माझे म्हणणे नाही. आग्रहावाचून आपली पंगत ही केवळ खानावळ होईल. फक्त पुढच्या लग्नसराईत वाढप्याच्या हातात पहिले भांडे भाताचे न देता कोशिंबिरीचे द्यावे, आणि ज्या निर्दयतेने आजवर जिलेबी वाढलीत त्याच निर्दयतेने ती कोशिंबीर दोनदा, तीनदा, हात आडवा घातला तरी वाढावी. मी नाही म्हणणार नाही.