कॉपीराइट ओळखणाऱ्या यंत्रास, सा. न. वि. वि.

माननीय यंत्रमहाशय,

आमचा विसर्जन स्पेशल मिक्स आपण उडवलात, त्याबद्दल अभिनंदन. अपलोड झाल्यावर चहाला उकळी फुटेपर्यंतही आपल्याला दम निघाला नाही. आमच्याकडे पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घ्यायलाही यापेक्षा जास्त वेळ लागतो.

तासाभराच्या मिक्समधली बरीच गाणी दुसऱ्यांची होती. लपवतोय कोण? यादी खालीच दिली होती. त्या मिक्सचा आम्हाला छदामही मिळत नाही. मंडळवाले ऐकतात, आवडला तर सुपारी देतात, एवढाच व्यवहार. पण आपण बोट ठेवलंत ते नेमकं हलगीवर! ती आमच्या गावच्या जत्रेत आबांनी वाजवलेली, आम्ही फोनवर टिपलेली. आमच्याकडून ती एका डीजेनं नेली, त्याच्याकडून आणखी कुणी, आणि फिरत फिरत एका कंपनीच्या गाण्यात जाऊन बसली. कंपनीनं ते गाणं आपल्याकडे नोंदवलं. झालं! हलगी कंपनीची, आबा चोर. हरकत घ्यावी, तर ती तपासायला जाते त्याच कंपनीकडे.

आबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "हलगी नीट तापली नव्हती का रं?"

कुणाला तरी याची लाज वाटायला हवी. आपल्यात ती बसवलेली नाही, हे मान्य. ज्यांनी आपल्याला बसवलं, त्यांचं काय?

कायद्याचं म्हणाल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ धार्मिक समारंभात, अगदी लग्नाच्या वरातीतही गाणी वाजवायला सूट देतं. ती सूट अपलोडला नाही, ठाऊक आहे. म्हणजे वरातीत नवरदेवाच्या पुढे वाजलं तर समारंभ, मोबाइलवर वाजलं तर दरोडा. १९८०च्या दशकात दुसऱ्यांची गाणी नव्या आवाजात गाऊन घेऊन कॅसेटचा धंदा फोफावला, तेव्हा आपला जन्म झाला नव्हता, हे त्या धंद्याचं नशीब.

खरं सांगू? आपल्या कानाबद्दल तक्रार नाहीच. वेग वाढवला, वर ढोल चढवला, तरी बहुतेक वेळा आपण गाणं पकडता. मग पकडल्यावर हिशेब का करत नाही? ॲपल म्युझिकनं २०२१मध्ये शझामच्या मदतीनं मिक्समधली गाणी ओळखून मूळ कलावंतांना पैसे द्यायचं जाहीर केलं. तिकडे मिक्सक्लाउड तर परवाने घेऊन डीजेंचेच मिक्स ऐकवतं. कान तोच. तिथे तो वाटणी करतो, इथे गळा दाबतो. एका तुकड्यासाठी अख्खा तास!

कधी कधी मात्र आपली कीव येते. दिवसरात्र गाणी कानावर पडतात, आणि आपल्या हाती लागतात फक्त ध्वनीच्या उंच टोकांच्या खुणा. दोन गाण्यांचा ठेका जुळवताना आम्ही रात्री घालवतो, तो जोड ऐकणाऱ्याच्या पायात कसा उतरतो, हे आपल्याला कुणी दाखवलंच नाही. मिरवणुकीत एकदा आपल्याला ट्रॉलीवर उभं करायला हवं होतं.

असो. नवरात्राचा मिक्स तयार होतोय. हलगी तीच राहील. या वेळी यादीत तिच्यापुढे आबांचं नाव ठळक टाकतोय. वाचता येत असेल, तर वाचा.

आपला,
दोन स्ट्राइक झालेला एक डीजे